भिंतीआडचे मुलगे, दाराआडच्या मुली

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत काही वर्षांपूर्वी एक लांब भिंत होती. तिच्यावर फरशांची जाहिरात रंगविलेली होती आणि त्या फरशा कायमच्या सुंदर राहतात असे सांगणारे तेच ते दोन इंग्रजी शब्द भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा लिहिलेले होते. या भिंतीच्या मागे अण्णावाडी नावाची झोपडपट्टी होती. अमेरिकन पत्रकार कॅथरीन बू यांनी या वस्तीवर लिहिलेल्या पुस्तकाला त्या जाहिरातीवरूनच नाव दिले. 'बिहाइंड द ब्युटिफुल फॉरएव्हर्स' हे ते पुस्तक २०१२ साली प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी त्याला अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले आणि २०१४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरने त्यावर आधारलेले नाटकही रंगभूमीवर आणले. त्यातील दारिद्र्य, लाचखोरी आणि पोलिसी व्यवहार यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्ही ते अलीकडे पुन्हा वाचले ते एक मर्यादित प्रश्न मनाशी धरून. या वस्तीतील बारा ते अठरा वर्षांची मुले कोणकोणती कामे करतात आणि त्यांतील कोणत्या कामाला लेखिका, घरचे लोक आणि आपण वाचक 'काम' म्हणतो, हा तो प्रश्न.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. हे पुस्तक कादंबरीसारखे वाचले जात असले तरी कादंबरी नव्हे. नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ या काळात लेखिका त्या वस्तीत येत-जात राहिल्या, टिपणे, ध्वनिफिती, चित्रफिती जमविल्या, माहितीच्या अधिकाराचा वापर करून तीन हजारांहून अधिक सरकारी कागद मिळविले आणि माणसांची खरी नावे जशीच्या तशी ठेवली. त्यांनी ती ठेवली हा त्यांचा निर्णय; आम्ही मात्र या लेखात ती नावे गिरविणार नाही. पंधराव्या वर्षी आपल्या घरात काय घडले हे सबंध जगाने वाचावे अशी इच्छा त्या मुलांची होती की नाही, हे ठरविणारे आम्ही कोण?

अण्णावाडी वसली ती १९९१ साली. विमानतळाची धावपट्टी दुरुस्त करण्यासाठी तामिळनाडूतून ट्रकमध्ये भरून मजूर आणले गेले होते. त्यांतील काहींनी काम संपल्यावर जवळची दलदल बुजवून तेथेच संसार थाटले. तमिळमध्ये 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. पुढे उत्तर भारतातून, विदर्भातून, इतर ठिकाणांहून माणसे येत गेली. लेखिकेच्या काळात तेथे सव्वातीनशेच्या वर झोपड्या आणि सुमारे तीन हजार माणसे होती, आणि कायमची नोकरी असलेले त्यांत अवघे सहा. बाकीच्यांचे पोट रोजच्या रोज मिळेल त्या कामावर. अशा ठिकाणी मूल कमवायला केव्हा लागते याची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. पुस्तकाचा जो मुख्य नायक, भंगाराची निवड करणारा मुलगा, त्याचे वयच नक्की नाही. तो सोळाचाही असेल, एकोणीसचाही. आईबापांना ते सांगता येत नाही. पुढे शेजारच्या एका बाईने स्वतःला जाळून घेतले आणि तिच्या मृत्यूचा आळ या कुटुंबावर आला, तेव्हा मुलाला मोठ्यांच्या कोठडीत ठेवायचे की डोंगरीच्या बालगृहात, हे त्या वयावर अवलंबून होते.

या मुलाच्या कामाचे वर्णन हे पुस्तकाचे मोठे यश आहे. वडिलांची छाती निकामी झालेली, घरात अकरा खाणारी तोंडे, आणि सहा-सात वर्षांचा असल्यापासून हा मुलगा भंगाराच्या ढिगाशी बसलेला. कागद, प्लॅस्टिक, धातू यांचे साठ प्रकार तो वेगळे करतो. प्लॅस्टिकचा तुकडा मोडून, हुंगून, प्रसंगी चावून त्याची जात ओळखतो. माल कोठे विकायचा, कोणत्या पोराकडून घ्यायचा, चोरीचा माल कसा टाळायचा, हे सारे त्याला ठाऊक. २००८ च्या अखेरीस अमेरिकेतील बँका बुडाल्या तेव्हा या मुलाच्या ढिगाजवळ रिकाम्या बाटल्यांचा भाव किलोला पंचवीस रुपयांवरून दहावर आला आणि वर्तमानपत्राच्या रद्दीचा पाचावरून दोनवर. जागतिक मंदी म्हणजे काय हे समजावणारी इतकी नेमकी ओळ आम्ही अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही वाचलेली नाही.

त्याच्याभोवतीचे दुसरे मुलगेही असेच ठसठशीत आहेत. एक बारा-तेरा वर्षांचा कचरावेचा मिठी नदीवरच्या अरुंद कठड्यावर उतरून इतरांच्या हाती न लागणारा माल काढतो. त्याची उंची खुंटली आहे. धाकटी बहीण त्याच्यापेक्षा उंच होते आहे याची त्याला मनस्वी लाज वाटते, आणि चोरी केली तर पोटभर खाता येईल, पोटभर खाल्ले तर उंची वाढेल, असा हिशेब तो मांडतो. विदर्भातून आलेल्या एका मराठी कुटुंबातील मुलाला पंचतारांकित हॉटेलात चार दिवसांचे वाढप्याचे काम मिळते. तो परत येऊन मैदानात उभा राहतो आणि बड्या लोकांच्या मेजवान्यांचे वर्णन करतो, आणि वस्तीतील सगळी पोरे त्याच्याभोवती कोंडाळे करून ऐकतात. मुलग्यांच्या पहिल्या कामाला असा श्रोतृवर्ग असतो. ते काम धोक्याचेही असते, हे लेखिका लपवीत नाहीत. विमानतळाच्या आवारातून भंगार चोरणारा पंधरा-एक वर्षांचा एक मुलगा रस्त्याकडेला मरून पडलेला सापडतो आणि सरकारी कागदावर त्याच्या मृत्यूचे कारण क्षयरोग असे लिहिले जाते. तेव्हा मुलग्यांच्या वाट्याला सुख आले असे कोणी म्हणू नये.

आता मुलींकडे वळू. त्या हॉटेलात वाढप्याचे काम करणाऱ्या मुलाची बहीण महाविद्यालयात जाते. ती वस्तीतील पहिली पदवीधर मुलगी व्हावी हे आईचे स्वप्न आहे. ही मुलगी स्वयंपाक करते, झाडलोट करते, पाणी भरते, धुणी धुते, आणि दिवसातून दोन तास घरातल्याच जागेत वस्तीतील लहान मुलांची शाळा चालवते. नेमणूक खरे तर आईची, शिकविते मुलगी. आई राजकारणात वर चढू पाहणारी, दिवसभर बाहेर, लोकांची कामे करून देणारी आणि त्या कामांचे पैसे घेणारी. टीकाकारांनी या आईच्या महत्त्वाकांक्षेविषयी भरपूर लिहिले. परंतु ती आई उंबरठ्याबाहेर पडू शकते ती मुलीच्या हातांवर, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. याच मुलीने पुढे विमा विकण्याची परीक्षाही दिली आणि ती उत्तीर्ण झाली. पण विमा घेण्याची ऐपत असलेले एकही माणूस तिच्या ओळखीचे नव्हते. मुलग्याला पहिले काम मिळते ते ओळखीतून, नाक्यावरून, मैदानातून. ज्या मुलीला नाका नाही, तिला ओळख तरी कोठून असणार?

तिची मैत्रीण ही तमिळ दलित कुटुंबातील मुलगी, वय वर्षे पंधरा. अण्णावाडीत जन्मलेली ती पहिली मुलगी. शाळा सुटलेली, घरकाम अंगावर, थोडे चुकले की मार, आणि लग्न गावाकडे ठरत आलेले. या दोघी रोज रात्री सार्वजनिक संडासापाशी भेटत. दहा-पंधरा मिनिटे तेथील दुर्गंधीत उभ्या राहून बोलत, कारण घराबाहेर थांबण्यासाठी याखेरीज दुसरी सबब नव्हती. सबंध पुस्तकात आम्हांला सर्वांत अधिक हलवून गेले ते हे दृश्य. २००८ च्या नवरात्रात, घरच्यांचा मार खाल्ल्यावर, त्या पंधरा वर्षांच्या मुलीने उंदराचे विष घेतले. काही दिवसांनी ती गेली.

आमचा आक्षेप येथे सुरू होतो. तो लेखिकेच्या सचोटीवर नाही. मुलग्यांच्या श्रमाचे भाव, वजने, तास, वाटा, जोखीम आणि मिळकत यांची जी नोंद त्यांनी केली आहे तिच्या तोडीची नोंद मुलींच्या श्रमाची पुस्तकात नाही. त्या दलित मुलीचा दिवस किती वाजता सुरू होतो, किती हंडे पाणी ती भरते, किती माणसांच्या भाकऱ्या भाजते, हे आपल्याला भंगाराच्या साठ प्रकारांइतके नेमके कधीच कळत नाही. तिचे घरकाम तिच्या दुःखाची पार्श्वभूमी म्हणून येते. मुलगा 'काम करतो' आणि मुलगी 'घरी अडकलेली आहे' अशी वाक्यरचना नकळत तयार होते. वास्तविक तीही काम करतेच आहे, आणि तिला रजा नाही.

याचे एक कारण पुस्तकाच्या पद्धतीतच असावे. हा ग्रंथ कागदांवर उभा आहे: पोलिसांचे पंचनामे, रुग्णालयाच्या नोंदी, न्यायालयातील साक्षी. भंगाराचा व्यवहार कोठेतरी वजनकाट्यावर येतो. चोरीची, खुनाची, अटकेची खोटी का होईना नोंद होते. पंधरा वर्षांच्या मुलीने घासलेल्या भांड्यांची नोंद कोण ठेवतो? आपल्या जनगणनेतही घरचे काम करणारी स्त्री 'काम न करणारी' म्हणूनच मोजली जात आली आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोक आपला वेळ कसा घालवितात याची पाहणी केली, तेव्हा हा आकडा एकदाचा कागदावर आला. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के बिनमोबदला घरकाम करीत होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के; आणि जे करीत होते त्यांच्यात स्त्रीची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे होती, पुरुषाची ९७. लेखिकेला २००८ मध्ये हे आकडे उपलब्ध नव्हते हे खरे. पण तराजूजवळ इतके तास बसणाऱ्या लेखिकेला चुलीजवळही तेवढेच बसता आले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

मराठी साहित्याची या बाबतीत शेखी मिरविण्याजोगी स्थिती आहे काय? नारायण सुर्वे लहानपणी परक्याच्या घरी राबले, हॉटेलात कपबश्या विसळल्या, दूध टाकले, हमाली केली, गिरणीत गेले, आणि त्या सर्व अनुभवाला त्यांनी विद्यापीठ म्हटले. 'माझे विद्यापीठ' हा संग्रह १९६६ चा. त्या थोर कवीविषयी पूर्ण आदर बाळगूनही विचारावेसे वाटते, की रस्ता हे ज्याचे विद्यापीठ आहे त्यात मुलींना प्रवेश होता का? त्याच्या आदल्याच वर्षी आलेला भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' घ्या. आचार्य अत्र्यांनी त्याच्यावर अश्लीलतेचे कोरडे ओढले आणि वाद त्याच दिशेने गेला. नाक्यावरच्या त्या टोळक्यातील पोरांना बेकार राहण्याची मुभा आहे, ही गोष्ट मात्र कोणाला खटकली नाही. त्याच चाळींतील त्याच वयाच्या मुलींना बेकार राहता येत नव्हते. नोकरी नसेल तर घरकाम होतेच.

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) या ठिकाणी आम्हांला अधिक उपयोगी वाटते. त्यांच्या बालपणीच्या कावाखान्यात चिंध्या, कागद, काचा, लोखंड वेचायला रस्त्यावर जातात त्या बायका. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतही बहुसंख्य सभासद स्त्रियाच आहेत. म्हणजे कचरा वेचणे हे काम मुळातच पुरुषी आहे असे नाही. अण्णावाडीत भंगाराला चांगला भाव होता, तेथे ते मुलग्यांच्या हाती दिसते. एखादे काम मुलींना 'शोभत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा त्या कामातून हाती पैसा येतो का आणि तो कोणाच्या खिशात जातो, हे आधी पाहावे.

एवढे म्हटल्यावर मुलींचीच बाजू नेहमी दुबळी असते असा समज होऊ नये, म्हणून एका वेगळ्या अभ्यासाचा उल्लेख करतो. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दादर भागातील मराठी कुटुंबांच्या मुलांच्या शाळांचा वीस वर्षांचा इतिहास तपासला. त्यांचा लेख २००६ साली प्रसिद्ध झाला. कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलग्यांना वडील-काकांच्या ओळखीने गिरणी-कारखान्यातील काम मिळण्याची परंपरा होती. त्या आशेने मुलगे मराठी माध्यमातच घातले जात राहिले. मुलींना त्या ओळखींच्या जाळ्यात जागाच नव्हती. तेव्हा नव्या काळात इंग्रजी माध्यमाकडे त्या भावांपेक्षा झपाट्याने वळल्या आणि पुढे गेल्या. जी वाट मुलीला बंद होती ती मुलग्याला जुन्याच धंद्यात अडकवून ठेवणारी ठरली. अण्णावाडीतही भंगार निवडणारा मुलगा बापाच्या धंद्याला जुंपला गेला आहे आणि महाविद्यालयात इंग्रजी साहित्य पाठ करते आहे ती मुलगी. फरक एवढाच, की दादरच्या मुलीपाशी निदान चाळीतली खोली आणि जवळ शाळा होती. अण्णावाडीच्या त्या दुसऱ्या मुलीपाशी संडासापाशी मिळणारी दहा मिनिटे होती.

पुस्तकातील आणखी एक प्रसंग आमच्या वाचकांना टोचल्याशिवाय राहणार नाही, आणि तो गाळून हे परीक्षण लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिठीच्या कठड्यावर उतरणारा तो मुलगा काही काळ एका धर्मभगिनी चालवीत असलेल्या बालगृहात राहिला होता. अकरा वर्षांवरचे मुलगे आवरत नाहीत असे ठरले आणि त्याला बाहेर पडावे लागले. तेथून तो थेट कचऱ्याच्या पोत्याकडे आला. संस्था चालविणाऱ्यांच्या अडचणी आम्ही जाणतो. वाढत्या वयाचे मुलगे सांभाळणे सोपे नाही, जागा अपुरी, माणसे थोडी. पण अकराव्या वर्षी मुलगा 'आवरेनासा' होतो म्हणून रस्त्यावर जातो, आणि अकराव्या वर्षी मुलगी 'हाताशी आली' म्हणून घरात अडकते. दोन्हीकडे मुलांचे बालपण एकाच वर्षी संपते. आपल्या धर्मग्रामांच्या शाळा, वसतिगृहे, बालगृहे यांचे नियम ज्यांच्या हाती आहेत त्यांनी हे प्रकरण वाचावे अशी आमची विनंती आहे.

कायद्याचा येथे फारसा आधार मिळत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना घरगड्याचे काम देण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने त्या वयाखालील मुलांना सर्वच धंद्यांत बंदी झाली. मात्र शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला हातभार लावणे त्यातून वगळले गेले. त्यामुळे परक्याच्या घरी भांडी घासणारी तेरा वर्षांची मुलगी कायद्याला दिसते आणि स्वतःच्या घरी सात माणसांची भांडी घासणारी दिसत नाही. आईला मदत करणे हा गुन्हा ठरावा असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. घरचे काम सर्वांनीच शिकावे. पण शाळा सुटते त्या ठिकाणी मदत संपून चाकरी सुरू झालेली असते, आणि ती ओळखण्यासाठी इन्स्पेक्टरची गरज नाही. घरातल्या माणसांनी पाहिले तरी पुरे.

आमचाही या बाबतीतला अनुभव फारसा अभिमानास्पद नाही. काही वर्षांपूर्वी एका व्यवसाय-मार्गदर्शन वर्गासाठी आलेले अर्ज तपासण्याचे काम आमच्याकडे होते. दहावी-बारावीची मुले, बहुतेक चाळींतील आणि झोपडवस्तीतील. अर्जात 'कामाचा पूर्वानुभव' असा रकाना होता. मुलग्यांनी तो उत्साहाने भरला होता: लग्नाच्या हंगामात केटरिंग, मामाच्या गॅरेजमध्ये दोन महिने, मोबाइलच्या दुकानात सुट्टीपुरते. मुलींपैकी जवळजवळ सगळ्यांनी 'नाही' असे लिहिले होते. एक मुलगी वर्गाला रोज अर्धा तास उशिरा येई. तिला आम्ही दोनदा समज दिली. पाणी येण्याची वेळ, आजारी आजी आणि आईच्या धुण्याभांड्यांच्या चार घरांपैकी दोन घरे हिच्या अंगावर, हे आम्हांला वर्ग संपताना कळले, तेही तिच्याकडून नव्हे, तिच्या भावाकडून. त्याच्या अर्जात अनुभव होता. तिच्या अर्जात आम्ही तपासणाऱ्याच्या तांबड्या शाईने तो रिकामा रकाना तिरपी रेघ मारून बंद केला होता.

श्रीमती बू यांच्या पुस्तकाचे मोल आमच्या लेखी या आक्षेपांमुळे कमी होत नाही. इंग्रजी सोपे आहे, वाक्ये तुटक आणि वेगवान आहेत, आणि आपल्याच शहरातील आपल्याला न दिसलेला एक भाग त्यात आहे. घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आणि मुलगी दोघेही असतील तर दोघांनाही ते द्यावे. मुलगा भंगाराची प्रकरणे आधी वाचील. त्या दोन मैत्रिणींच्या रात्रीच्या भेटींची पाने त्याने ओलांडून जाऊ नयेत, एवढे मात्र कोणीतरी पाहावे.